रक्ताच्या पिशव्यांचा हिशेब ब्लॉकचेनवर न्यायचा म्हटलं तर नक्की काय न्यायचं?

तेरणाकाठ (धाराशिव)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण अर्धवट विचारला तर उत्तरंही अर्धवट येतील.

एक सरकारी रक्तकेंद्र, दोन ट्रस्टची रक्तकेंद्रं आणि त्यांच्याकडून पिशव्या नेणारी सहा साठवण केंद्रं (ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतली), अशा नऊ ठिकाणांचा हिशेब एकत्र आणायचाय. नियोजनासाठी वर्षाला ३०,००० रक्तदानं धरलीत. दुखणं तीन जागी आहे. फलकावरची शिल्लक आणि फ्रीजमधली शिल्लक जुळत नाही. साठवण केंद्राला गेलेली पिशवी वाटेत आहे, फ्रीजमध्ये आहे की रुग्णाला चढवून झाली, हे मूळ केंद्राला फोन केल्याशिवाय कळत नाही. आणि मुदत संपून पिशवी वाया गेली की दोन्हीकडची मंडळी एकमेकांकडं बोट दाखवतात.

एका पुरवठादारानं ब्लॉकचेनचा, म्हणजे मागची नोंद गुपचूप बदलता न येणाऱ्या सामायिक वहीचा, प्रस्ताव दिलाय. त्यात सार्वजनिक चेन आहे, रक्तदात्याची ओळख म्हणून आधार क्रमांकाचा हॅश (त्यातून गणितानं काढलेली ठरावीक लांबीची खूण) आहे, प्रत्येक फ्रीजचं तापमान दर पाच मिनिटांनी चेनवर टाकायचंय, आणि रक्तदान केलं की मोबाईलमध्ये टोकन जमा होणार, जे औषधाच्या दुकानात वटवता येईल.

यातलं ठेवायचं काय आणि फेकायचं काय? चेन लागतेच का? आणि तालुक्याच्या गावी दुपारी लाइट आणि नेट दोन्ही गेल्यावर इश्यू (रुग्णासाठी पिशवी देणं) थांबवायचा का?

लालपेशी (नांदेड)

तेरणाकाठ दादा, प्रस्ताव बाजूला ठेवा आणि आधी पिशवी हातात घ्या. सॉफ्टवेअरवाले "एक रक्तदान म्हणजे एक नोंद" असं धरून सुरू करतात आणि तिथंच गाडं रुततं.

एका रक्तदानातून तीन वस्तू निघतात आणि तिघींचं आयुष्य वेगळं. लाल पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला, साध्या सीपीडीए (रक्त गोठू न देणारं द्रावण) पिशवीत ३५ दिवस, सॅगम हे पेशी टिकवणारं द्रावण घातलेल्या पिशवीत ४२ दिवस. प्लेटलेट २० ते २४ अंशाला, हलत्या अॅजिटेटरवर, फक्त ५ दिवस. प्लाझ्मा उणे ३० किंवा त्याखाली, १ वर्ष. म्हणून नोंदीची किल्ली "रक्तदान क्रमांक" ही नसून "रक्तदान क्रमांक अधिक घटकाचा कोड" ही असते. लहान बाळासाठी एका पिशवीच्या दोन-तीन छोट्या पिशव्या केल्या की त्यालाही वेगळी ओळख लागते. आयएसबीटी १२८ या रक्तपिशव्यांच्या आंतरराष्ट्रीय लेबल पद्धतीत याची सोय आधीच आहे: घटकाचा कोड ८ अक्षरांचा, आणि त्यातली शेवटची दोन विभागणीसाठी राखलेली. ते वापरत नसाल तरी रचना तशीच ठेवा.

आता क्रमांक. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी क्रमांक १ जानेवारीला किंवा १ एप्रिलला पुन्हा १ पासून सुरू होतो. म्हणजे नऊ ठिकाणांची वही एकत्र केली की "४१७" नावाच्या तीन पिशव्या एकाच दिवशी शिल्लक असू शकतात. केंद्राचा कोड, वर्ष आणि सहा आकडी क्रम मिळून एक अखंड क्रमांक करा, आणि तो शिबिरात, सुई टोचायच्या आधी, पिशवीवर, नमुन्याच्या नळ्यांवर आणि रक्तदात्याच्या फॉर्मवर एकाच पट्टीतली लेबलं काढून चिकटवा. नंतर केंद्रात आल्यावर लेबल लावू म्हणाल तर अदलाबदल तिथंच होते, आणि कुठलीही चेन ती पकडत नाही. चुकीच्या नळीवर बरोबर लेबल लागलं तर चेनवर ती चूकच कायमची कोरली जाईल, एवढाच फरक.

पिशवीच्या अवस्था मी अशा ठेवेन: संकलित, क्वारंटाईन (तपासण्या होईपर्यंत बाजूला), साठ्यात, राखीव, वाटेत, साठवण केंद्रात, इश्यू, आणि मग पुढच्या चारपैकी एक, म्हणजे चढवली, परत, डिस्कार्ड, मुदतबाद. क्वारंटाईनमधून साठ्यात जायला एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाचही तपासण्या आणि रक्तगटाची दुहेरी खात्री झाल्याशिवाय व्यवहार होताच कामा नये. हे चेनकोडमध्येच (चेनवर चालणाऱ्या नियमांच्या प्रोग्राममध्ये) घाला, स्क्रीनवरच्या बटणावर विसंबू नका.

"परत" ही अवस्था सगळे विसरतात. क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ही तपासणी) करून वॉर्डात नेलेली पिशवी लागली नाही म्हणून परत येते. ती थंड साखळीबाहेर ३० मिनिटांपेक्षा जास्त राहिली असेल तर पुन्हा साठ्यात घेत नाहीत. म्हणून इश्यूची वेळ आणि परतीची वेळ दोन्ही स्कॅनने यायला हव्यात. वेळ हातानं टाकायची सोय ठेवली तर सगळ्या पिशव्या २५ मिनिटांतच परत येतील, बघा तुम्ही.

आणि शिल्लक. शिल्लक कोणी टाइप करायचीच नाही. आलेल्या पिशव्यांमधून बंद झालेल्या वजा केल्या की उरते ती शिल्लक. फलक आणि फ्रीज जुळत नाही याचं निम्मं कारण हेच, की आज ई-रक्तकोशवर (सरकारी रक्तसाठा पोर्टल) असो की भिंतीवर, आकडा कोणीतरी सवडीनं भरतं. प्रत्येक पिशवी कोणाच्या तरी नावावर उघडी राहते आणि ती बंद होईपर्यंत उत्तर त्यालाच द्यावं लागतं, अशी व्यवस्था झाली की तुमचं तिसरं दुखणं बरंचसं कमी होतं.

शेवटचं, आणि हे महत्त्वाचं. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांप्रमाणे रजिस्टरं ठेवावीच लागतात, पाच वर्षं. ई-रक्तकोशात भरावंच लागतं. त्यावर तुमची तिसरी नोंद आली तर रात्रपाळीचा एकटा तंत्रज्ञ ती करणार नाही, आणि त्याचं चूक नाही. एका स्कॅनमधून तिन्ही ठिकाणचं काम व्हायला पाहिजे. ते जमत नसेल तर पुढचं काही वाचूच नका.

बोरीपार (परभणी)

टोकनचं तेवढं आधी फेका, भाऊ. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देणं १ जानेवारी १९९८ पासून आपल्याकडं बंद आहे. दुकानात वटतं ते टोकन म्हणजे पैसाच, नाव काहीही द्या. वर आजार लपवून, तीन महिने व्हायच्या आत दुसऱ्या केंद्रात जाऊन रक्त द्यायला तेच निमित्त ठरतं. प्रमाणपत्र द्या, चहा-बिस्किट द्या, बस.

साखळीवाला (लातूर)

तांत्रिक बाजू सांगतो. सार्वजनिक चेन नको. प्रत्येक व्यवहाराला फी, वेळेची खात्री नाही, आणि एकदा लिहिलेलं जगासमोर कायमचं. तुमच्या नऊ ठिकाणी कोण कोण आहे हे ठाऊक असताना परवानगीवाली चेन घ्या. हायपरलेजर फॅब्रिक हा त्यातला रुळलेला पर्याय.

आधी आकडेमोड. ३०,००० रक्तदानं, प्रत्येकी ३ घटक, प्रत्येक घटकाचे सरासरी ८ व्यवहार धरा. वर्षाला ७,२०,००० व्यवहार, म्हणजे दिवसाला जवळपास २,०००, मिनिटाला एक-दोन. एवढं तर फॅब्रिकच्या एका कोपऱ्यात मावतं. एका व्यवहाराचे सह्या धरून ५ किलोबाइट लागले तरी वर्षाचे साडेतीन जीबी. म्हणजे "मोठं क्लाउड लागेल" म्हणून कोणी बिल वाढवत असेल तर हे गणित पुढं करा.

तापमान मात्र दर पाच मिनिटांनी चेनवर टाकलं तर एका फ्रीजचे दिवसाला २८८ व्यवहार. नऊ ठिकाणी मिळून २७ उपकरणं धरली तर ७,७७६. म्हणजे पिशव्यांच्या चौपट गर्दी तापमानाचीच. ते नको. दिवसाची लॉग फाइल जिथं आहे तिथंच ठेवा. चेनवर फक्त त्या फाइलचा हॅश, दिवसाचं किमान-कमाल, आणि मर्यादा ओलांडली असेल तर ती एक घटना.

नोड (चेन चालवणारे संगणक) कुठं ठेवायचे? साठवण केंद्रात नको. तिथं फक्त स्कॅनर जोडलेला टॅबलेट. तिन्ही रक्तकेंद्रांचा प्रत्येकी एक पीअर (चेनची प्रत ठेवणारा नोड), आणि शक्य असेल तर एक देखरेखीच्या यंत्रणेकडं, म्हणजे राज्य रक्त संक्रमण परिषद किंवा अन्न व औषध प्रशासनाकडं. क्रम लावणारे ऑर्डरर किमान तीन, तीन वेगळ्या जागी: तिनांत एक बंद पडला तरी काम चालतं, दोन पडले की थांबतं. पाच ठेवले तर दोन पडलेले चालतात. पुरवठादार म्हणेल की सगळे आमच्याच क्लाउड खात्यावर ठेवतो, सोपं पडतं. मग पाची किल्ल्या एकाच्याच कमरेला. त्याला ब्लॉकचेन म्हणायचं कशाला?

हस्तांतराचा व्यवहार एका सहीनं पूर्ण करू नका. पाठवणाऱ्यानं "पाठवली" म्हणायचं, घेणाऱ्यानं पिशवी प्रत्यक्ष स्कॅन करून "मिळाली" म्हणायचं. मधल्या काळात ती "वाटेत". त्याला रस्त्याप्रमाणं वेळमर्यादा द्या. नांदेडहून किनवटला तीनेक तासांचा रस्ता आहे, अंबाजोगाई-लातूर त्याच्या निम्मंही नाही. एकच मर्यादा ठेवली तर एकीकडं खोटा अलार्म वाजत राहतो आणि दुसरीकडं खरा वाजत नाही. ज्या साठवण केंद्राचा मूळ केंद्राशी करार नाही त्याला पाठवायचा व्यवहार चेनकोडनंच नाकारावा.

बिघाड कुठं कुठं होतो ते आता सांगतो, कारण प्रस्तावात हे कोणी लिहीत नाही.

एक: दोन साठवण केंद्रांनी एकाच वेळी तीच ओ निगेटिव्ह पिशवी राखीव केली. फॅब्रिक एक व्यवहार स्वीकारतं आणि दुसरा वाचन-संघर्ष (वाचलेली अवस्था मध्येच बदलली) म्हणून बाद करतं. हे बरोबरच आहे. पण अॅप लिहिणारा "बाद झाला तर पुन्हा पाठव" अशी ओळ घालून ठेवतो, आणि स्क्रीनवर दोघांनाही हिरवी खूण दिसते. बाद झाला की थांबून पिशवीची अवस्था नव्यानं वाचायची, आणि माणसाला सांगायचं की गेली, दुसरी बघा.

दोन: चेनकोडात यंत्राचं घड्याळ वाचलं की प्रत्येक पीअरवर वेळ किंचित वेगळी येते, सह्या जुळत नाहीत, व्यवहार पडतो. व्यवहाराचा स्वतःचा वेळेचा शिक्का वापरायचा. पण तोही टॅबलेटच्या घड्याळावरूनच येतो, म्हणून टॅबलेटचं घड्याळ आपोआप जुळणारं ठेवा आणि हातानं बदलायची सोय बंद करा.

तीन, आणि हे फार वेळा होतं: मुदतीची तारीख सर्व्हरच्या, म्हणजे जागतिक (यूटीसी) वेळेत साठवतात. आपली वेळ साडेपाच तास पुढं. ३१ मेच्या रात्री संपलेली पिशवी १ जूनच्या पहाटे ५:२९ पर्यंत "वापरण्याजोगी" दिसते. रात्री दोनच्या बाळंतपणाला ती इश्यू होऊ शकते. मुदत ही भारतीय तारीख म्हणून साठवा, वेळेशिवाय.

चार: प्रमाणपत्रं, म्हणजे चेनवरची प्रत्येकाची डिजिटल ओळख. फॅब्रिकच्या प्रमाणपत्र सेवेत मूळ मांडणीप्रमाणं मुदत १ वर्ष असते. बरोबर वर्षानं एका सकाळी सगळं ठप्प होतं आणि उभारणारा माणूस तोवर दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो. नूतनीकरणाची तारीख लिहून भिंतीवर लावा. थट्टा करत नाही.

थंडपेटी (बीड)

साखळीवाले सर, तापमानाच्या लॉगचं बरोबर सांगितलंत, पण लॉग कशाचा घेताय ते बघा. प्रोब (तापमान मोजणारी कांडी) नुसता हवेत लटकवला तर दार उघडलं की ८ अंश दाखवतो आणि दिवसभर खोटे अलार्म वाजतात. मग कोणीतरी अलार्मचा आवाजच बंद करतं. प्रोब ग्लिसरॉलच्या पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवा, म्हणजे पिशवीच्या आतल्या द्रवाला जे वाटतं ते तो सांगेल. एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या.

मे महिन्यात आपल्याकडं खोली ४२-४३ अंशावर जाते. रक्ताचा फ्रीज घेताना तो बाहेरच्या ४३ अंशाला चालतो असं लिहिलंय का ते बघा, आणि लाइट गेल्यावर किती तास थंडी धरतो तेही. घरगुती फ्रीज चालतच नाही. वाहतुकीच्या पेटीत बर्फ पिशवीला चिकटवू नका, मध्ये पुठ्ठा किंवा फोम हवाच. नाहीतर लाल पेशी फुटतात आणि पिशवी वरून ठीक दिसते. चेनवर तिची अवस्था "मिळाली, तापमान योग्य" अशीच पडेल.

आणखी एक. लांबच्या शिबिरातून आणलेलं रक्त बर्फावर ठेवलं तर त्यातून प्लेटलेट निघत नाहीत. ते खोलीच्या नियंत्रित तापमानाला, २० ते २४ अंशाला, आणून सहा ते आठ तासांत वेगळं करावं लागतं. म्हणून संकलनाच्या नोंदीत "थंड आणली की कोमट आणली" असा एक रकाना ठेवा. कोणाच्या शिबिरातून प्लेटलेट का निघत नाहीत याचं भांडण त्या एका रकान्यानं मिटतं.

तेरणाकाठ (धाराशिव)

सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात बसायलंय. दोन गोष्टी अजून अडकल्यात. आधारचा हॅश म्हणजे मूळ क्रमांक कळतच नाही असं पुरवठादार ठामपणे म्हणतोय, मग त्यात वाईट काय? आणि नेट नसतानाचं उत्तर कोणी दिलं नाही.

दुधना_पूल (जालना)

हॅशचं मी सांगते. हॅश उलटा करता येत नाही हे खरं. पण उलटा करायची गरजच काय? मोबाईल क्रमांक ६ ते ९ नं सुरू होतो, म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. आधारचा पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो, म्हणजे ८,००० कोटी. चांगलं ग्राफिक कार्ड सेकंदाला अब्जावधी हॅश काढतं. सगळ्या शक्यतांचे हॅश काढून तुमच्या चेनशी जुळवायचे, मिनिटभराचं काम. चेन सार्वजनिक असेल तर हे कोणालाही करता येतं, आणि खाजगी असेल तर नऊपैकी कोणालाही.

आता त्याच्या शेजारी काय आहे ते बघा. रक्तदात्याचा हॅश, आणि त्याच्या पिशवीपुढं "डिस्कार्ड, कारण एचआयव्ही रिअॅक्टिव्ह". गावात कोणाला काय आहे हे सांगणारी यादीच झाली की ही. एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा गोपनीयता मागतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा माहिती दुरुस्त करून घ्यायचा आणि पुसून घ्यायचा हक्क देतो, आणि चेनवरचं पुसता येत नाही. दोन्ही कायदे एकाच ओळीत मोडतात.

म्हणून रक्तदाता चेनवर येऊच नये. नाव, फोन, आधार, पत्ता, तालुका, काही नाही. रक्तदान क्रमांक पुरे. तो कोणाचा हे फक्त त्या केंद्राच्या आपल्या रजिस्टरात. डिस्कार्डचं कारण सामायिक चेनवर एकाच शब्दात: "अयोग्य". पिशवी फुटली, गुठळी झाली, रंग बदलला, तपासणीत अडकली, सगळ्यांना तोच शब्द. तपशील हवा असेल तर फॅब्रिकच्या खाजगी संग्रहात, फक्त केंद्र आणि देखरेख यंत्रणा यांच्यात. तिथंही लक्षात घ्या की खाजगी संग्रहातल्या माहितीचा हॅश सगळ्यांच्या चेनवर उमटतोच. "एचआयव्ही", "एचसीव्ही" अशा पाच शब्दांतला शब्द हॅशवरून ओळखायला एक सेकंदही लागत नाही, म्हणून प्रत्येक नोंदीत यादृच्छिक मीठ (हॅश काढायच्या आधी जोडलेला अंदाज न येणारा आकडा) मिसळायचं. फॅब्रिकच्या आवृत्ती २.५ पासून खाजगी माहिती मागणीनुसार कायमची काढून टाकायची सोयही आहे, ती असलेलीच आवृत्ती घ्या.

दुर्मिळ गटाचंही तेच. बॉम्बे रक्तगट १९५२ मध्ये मुंबईत सापडला, आणि आजही तालुक्यात असा एखादाच माणूस निघतो. "बॉम्बे गट, अमुक शिबिर, अमुक तारीख" एवढं लिहिलं की नाव लिहायची गरज उरत नाही. दुर्मिळ गटाच्या नोंदीतून शिबिराचं ठिकाण काढून टाका.

एक फायदा मात्र चेनचा खरा आहे. एखादा रक्तदाता पुढच्या वेळी रिअॅक्टिव्ह निघाला तर त्याच्या मागच्या रक्तदानातले घटक कुठं कुठं गेले ते शोधावं लागतं, कारण तेव्हा तो तपासणीत न दिसणाऱ्या काळात असू शकतो. आज हे शोधायला तीन रुग्णालयांची रजिस्टरं उपसावी लागतात. चेनवर मूळ केंद्र फक्त क्रमांकावर "परत बोलावा" असा व्यवहार टाकतं, आणि त्या क्रमांकाचा प्रत्येक घटक ज्याच्या नावावर आहे त्याच्या पडद्यावर लाल होतो. माणसाचं नाव कुठंही न येता.

साखळीवाला (लातूर)

दुधना ताईंनी मिठाचा मुद्दा घेतला ते बरं झालं, माझ्याकडून राहिला होता.

नेट नसतानाचं. नियम एकच: रुग्णासाठी पिशवी कधीही थांबवायची नाही. टॅबलेटवर व्यवहार स्थानिक किल्लीनं सही करून रांगेत पडतो, नेट आलं की जातो. पडद्यावर तो पिवळा, चेनवर पोहोचल्यावरच हिरवा. रांगेतल्या व्यवहारांना चढता क्रमांक द्या, म्हणजे मधला एखादा गहाळ झाला तर दिसतो.

पण ऑफलाइन असताना तीन गोष्टी बंद: दुसऱ्या केंद्राच्या फ्रीजमधली पिशवी राखीव करणं, दोन केंद्रांमधली मोठी देवाणघेवाण, आणि क्वारंटाईनमधून बाहेर काढणं. आपल्याच फ्रीजमधली, आधीच "साठवण केंद्रात" म्हणून नोंदलेली पिशवी तेवढी इश्यू करता येईल. मुदत तपासायला नेट लागत नाही, ती लेबलवरच्या कोडात असते. "परत बोलावा" मात्र ऑफलाइन टॅबलेटला कळणार नाही, म्हणून तो आदेश फोननं आणि एसएमएसनं वेगळा जायलाच हवा, आणि फोन घेणाऱ्यानं तो वहीत वेळेसह लिहायचा. दोन कंपन्यांची सिम असलेला राउटर आणि टॅबलेटसाठी वेगळी पॉवर बँक, एवढ्यात बहुतेक दुपारी निघून जातात.

हिशेबी (छत्रपती संभाजीनगर)

सगळं वाचलं. आता कडू बोलतो. तुमच्या नऊ ठिकाणांना फॅब्रिकची गरज नाही.

चेनचा उपयोग एकाच सांध्यावर आहे: पिशवी एका संस्थेच्या ताब्यातून दुसऱ्या संस्थेच्या ताब्यात जाते तिथं, कारण तिथंच दोघं एकमेकांची वही मान्य करत नाहीत. एका संस्थेच्या आतल्या नोंदींना चेन लागत नाही. आणि तीनच कायदेशीर संस्था असतील तर साधा पोस्टग्रेस डेटाबेस घ्या. पिशवीच्या घटनांचा एक तक्ता, ज्यात फक्त भर घालता येते, बदल आणि खोडणं दोन्हीचा हक्क कोणालाच नाही. प्रत्येक ओळीत आधीच्या ओळीचा हॅश. रोज रात्री १२ वाजता दिवसाच्या सगळ्या ओळींचा मिळून एक अंतिम हॅश काढायचा आणि तो तिन्ही केंद्रांच्या मेलवर पाठवायचा, शिवाय छापून रजिस्टरात चिकटवायचा. कोणी मागची ओळ बदलली की त्या दिवसाचा छापील हॅश जुळणार नाही. चौसष्ट अक्षरांची चिठ्ठी, बाकी काही नाही. एक चांगला मुलगा महिन्याभरात करतो, आणि तो नोकरी सोडून गेला तरी दुसरा चालवू शकतो.

यात उणं एवढंच, की डेटाबेस ज्याच्याकडं आहे तो चोवीस तासांच्या आतली ओळ बदलू शकतो. ते नको असेल तर हॅश दर तासाला पाठवा. आणि उद्या संस्था तिनाच्या पंधरा झाल्या, त्यांत खाजगी रुग्णालयं आली, की मग फॅब्रिक. घटनांचा तक्ता नीट असेल तर तो तसाच उचलून नेता येतो.

लालपेशी (नांदेड)

हिशेबी सरांशी सहमत, फार थोड्या फरकानं. सरकारी केंद्र आपला डेटा ट्रस्टच्या सर्व्हरवर ठेवायला तयार होणार नाही, ट्रस्टवाले सरकारी सर्व्हरवर. तो सर्व्हर कोणाचा, याच भांडणात सहा महिने जातील. त्यापेक्षा प्रत्येकाचा आपला डेटाबेस आणि रात्री फक्त हॅशची देवाणघेवाण, असं करा.

आणि एक गोष्ट कोणीच बोललं नाही. टंचाई ही बहुतेक नोंदीची नसते, तारखांची असते. १४ एप्रिलला जागोजागी शिबिरं होतात. त्या दिवशीच्या सीपीडीए पिशव्या १९ मेला मुदतबाद, सॅगमच्या २६ मेला. त्या पुरुष रक्तदात्यांना पुन्हा रक्त देता येतं ते ९० दिवसांनी, १३ जुलैला. महिलांना चार महिन्यांनी. मध्ये कॉलेजं बंद, ऊन, लग्नसराई. म्हणजे मे अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत खड्डा ठरलेलाच, आणि एप्रिलच्या शेवटी फ्रीज तुडुंब. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाचंही तसंच: प्लेटलेट २२ सप्टेंबरला गेल्या, सीपीडीए २२ ऑक्टोबरला. घटनांचा तक्ता असला की येत्या १५ दिवसांत कोणत्या गटाच्या किती पिशव्या संपणार याचा एक रोजचा अहवाल निघतो. तो संयोजकांना दाखवून निम्मी शिबिरं पुढं ढकलायला लावा. आणि दहा दिवसांपेक्षा कमी मुदत उरलेल्या पिशव्या साठवण केंद्रातून परत मोठ्या रुग्णालयाकडं फिरवा, तिथं त्या दोन दिवसांत लागतात. अशा फिरवण्यानं जे वाचेल ते चेननं वाचणार नाही.

तेरणाकाठ (धाराशिव)

मग सुरुवात एक रक्तकेंद्र आणि दोन साठवण केंद्रांपासून, फक्त लाल पेशी, पोस्टग्रेस आणि रात्रीचा हॅश. टोकन आणि आधार बाद. पुरवठादाराला तसं कळवतो.

लेबल प्रिंटरचं एक राहिलं. सध्या बिलाच्या पावतीसारखा साधा थर्मल प्रिंटर आहे, त्याचं लेबल फ्रीजमधून काढल्यावर दव पडून सुटतं आणि अक्षरं पुसट होतात. काय घ्यावं?

लालपेशी (नांदेड)

उष्णतेनं काळा होणारा कागद नकोच. थर्मल ट्रान्सफर प्रिंटर, रेझिनची रिबन आणि गोठवणीला टिकणारा डिंक असलेलं प्लॅस्टिकचं लेबल घ्या. चौकोनी द्विमितीय कोड छापा. आडव्या रेघांचा कोड पिशवीच्या गोलाईवर वाकडा होतो आणि स्कॅनर वाचत नाही. पिशवी कोरडी आणि खोलीच्या तापमानाला असतानाच चिकटवायचं, मूळ उत्पादकाच्या लेबलवर, प्लॅस्टिकवर थेट नाही.

विकत घ्यायच्या आधी दहा लेबलं नमुना म्हणून मागवा. मुदतबाद पिशव्यांवर चिकटवा, रात्रभर उणे ३० च्या खाली ठेवा, सकाळी प्लॅस्टिकच्या आवरणात घालून ३७ अंशाच्या वॉटर बाथमध्ये वितळवा, मग ओल्या हातमोज्यानं दहा वेळा चोळून स्कॅन करा. दहाही वाचली तर घ्या. नऊ वाचली तर दुसरा रोल मागवा.